मासे होते की नव्हते

मी नक्की कोण होतो, हे माझ्या निरोप समारंभातही कुणाला धड सांगता आलं नाही. साहेबांनी भाषणात मला ‘ज्येष्ठ मत्स्यतज्ज्ञ’ म्हटलं. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी ‘सागरी वैज्ञानिक’ म्हटलं, आणि दौंडपासून समुद्र किती लांब आहे हे सगळ्यांनाच ठाऊक असल्यामुळे मागच्या रांगेत हशा झाला. मला दोन शब्द बोलायला उभं केलं तेव्हा मी म्हणालो, की मी पदार्थविज्ञानाचा माणूस, माशांत आलो आणि राहून गेलो. शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी आलो तर बायको म्हणाली, “मग शेवटी काय ठरलं? कोण होतात तुम्ही?”

प्रश्न रास्त होता. मी एम. एस्सी. केलं ते पदार्थविज्ञानात, त्यातही ध्वनी हा खास विषय घेऊन. मत्स्यसंशोधनाच्या जागेसाठी ‘पदार्थविज्ञानाचा पदवीधर हवा’ अशी जाहिरात आली तेव्हा मला वाटलं छपाईची चूक असेल. तरी अर्ज केला, कारण त्या दिवसांत मी दिसेल तिथं अर्ज करत होतो. मुलाखतीत मला माशांविषयी एकही प्रश्न विचारला नाही आणि नोकरी दिली. पहिली काही वर्षं किनाऱ्यावर गेली. मग गोड्या पाण्यातल्या कामासाठी आमच्याच दौंडला एक छोटं उपकार्यालय निघालं आणि मी घरी परत आलो. कार्यालयात बाकी सगळे जीवशास्त्राचे. ते मासा उचलायचे, उलटा-सुलटा करायचे आणि नाव सांगून मोकळे व्हायचे. मला पहिलं वर्षभर रोहू कुठला आणि मृगळ कुठला हे कळत नव्हतं. “तोंड बघा की साहेब, मृगळाचं तोंड खाली असतं,” असं आमचा शिपाईसुद्धा मला शिकवायचा. मी माशाच्या तोंडाकडे बघायचो आणि मासा माझ्या तोंडाकडे. दोघांनाही काही बोध व्हायचा नाही.

मग मी करत काय होतो? मासा पाण्यात राहतो, आणि पाणी हे माझ्या विषयातलं. पाण्यात ऊन किती खोल जातं, वरचं पाणी गरम आणि तळाचं गार असलं की ती दोन पाणी एकमेकांत मिसळतात की नाही, प्राणवायू किती विरघळतो, आवाज किती वेगानं जातो, हे सगळं मोजायचं. मोजून झालं की जीवशास्त्रवाल्यांना आकडे द्यायचे. ते आकडे त्यांनी वापरले की नाहीत हे मला बहुतेक वेळा कळायचं नाही, आणि विचारायचा संकोच वाटायचा.

लोकांना माझा उपयोग झाला असं छातीठोकपणे सांगता येईल असा एकच प्रसंग आठवतो, आणि त्यातही मी केलं ते विज्ञान होतं की नाही याची खात्री नाही. वडगाव रासाईचे एक आप्पा होते. शेवंती आणि टोमॅटो करायचे. नंतरच्या काळात शेततळ्यांची टूम निघाली तेव्हा त्यांनीही तळं खणलं आणि त्यात मासे सोडले. तळ्याचं पाणी बेताचं हिरवं असावं लागतं. हिरवेपणा म्हणजे पाण्यातल्या बारीक वनस्पती, आणि तेच माशांचं मूळ अन्न. पाणी फार नितळ असलं तर मासे उपाशी, म्हणून शेण टाकून ते हिरवं करतात. फार हिरवं झालं तर पहाटे प्राणवायू संपतो आणि मासे वर येऊन तोंड वासतात. हे मोजायला आमच्याकडे दोरीला बांधलेली पांढरी-काळी तबकडी असते. ती पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी कुठं होते ते बघायचं. शेतकऱ्याजवळ तबकडी कुठली असणार? म्हणून आमच्या माहितीपत्रकात सोपा उपाय छापला होता: हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवा, तळवा दिसेनासा झाला की पाणी योग्य.

एके दिवशी आप्पा आणि काकू दोघंही दौंडला आमच्या कार्यालयात हजर. आप्पा सहा फुटी, काकू त्यांच्या खांद्याला लागत नव्हत्या.

“सायेब,” काकू म्हणाल्या, “ह्यांनी हात घातला तर तळवा दिसंना. म्यां घातला तर दिसतुय. ह्ये म्हंत्यात पानी झालं, आता श्यान बंद. मी म्हंते आजून चार पाट्या टाका. सरकारला कोपर कुनाचा धरायचा हाय?”

मी पट्टी काढली आणि दोघांचे हात मोजले. चांगला चार बोटांचा फरक होता. माहितीपत्रक लिहिणाऱ्याला हे सुचलं नव्हतं आणि ते पत्रक मीच लिहिलं होतं. मी त्यांना समजावलं, की कोपर कुणाचाही चालेल पण दर वेळी तोच हवा. आप्पा म्हणाले, “मंग कुनाचा त्ये सांगा.” मी विचार केला, रोज तळ्यावर जातं कोण? तर काकू. म्हटलं, काकूंचा. त्यानंतर वर्षभर आप्पा माझ्याशी बोलले नाहीत. मासे मात्र छान पोसले. ते कोपरामुळे पोसले, शेणामुळे, की आपसूक, ते मला आजही सांगता येणार नाही.

पण लिहायला बसलो तो आप्पांसाठी नव्हे. ज्या गोष्टीसाठी बसलो ती याच्या काही वर्षं आधीची, नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हाची. तिच्यातली माणसांची नावं मी बदलली आहेत. ती गोष्ट मी आजवर घरात सांगितली, बाहेर नाही.

घोड नदीच्या फुगवट्याला, म्हणजे धरणामागं तुंबलेल्या पाण्याला, निमोण्याच्या अंगाला, मासेमारांची एक सोसायटी मासे धरायची. या धंद्याची रीत अशी: पावसाळा सरता सरता पाण्यात बोटुकली सोडायची. बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्लं, कटला-रोहू-मृगळाची. मग दीडेक वर्ष त्या पाण्याची राखण करायची. बारीक भोकांचं जाळं कुणाला टाकू द्यायचं नाही. मासा किलो-दीड किलोचा झाला की सगळ्यांनी मिळून जाळी लावायची. त्या साली जाळी लागली आणि पंधरा दिवस नुसती चिलापी निघाली, न सोडता आपोआप वाढणारा हलका मासा. कटला-रोहू म्हणाल तर औषधापुरते.

सगळ्यांचं बोट गेलं ते राखणदाराकडे. त्याला मी गेनूमामा म्हणतो. तो त्यांच्यातलाच, भावकीतला. पूर्वी जाळं ओढायचा. एकदा दोर पायात गुरफटून गुडघा गेला, तेव्हापासून त्याला राखणीचं काम दिलेलं. काठावर बाभळीखाली खोप होती, तीत तो आणि त्याची बायको राहायची. सोसायटीतल्या लोकांचं म्हणणं, की यानं पलीकडच्या तीरावरच्या कुणाला तरी जाळी टाकू दिली आणि वाटा घेतला. बघितलं कुणीच नव्हतं. पण गेनूमामाच्या दोन्ही पोरांना कुणी जाळ्याला घेईना. जाळं एकट्यानं ओढता येत नाही. ज्याला कुणी बरोबर घेत नाही त्यानं मासेमारी करायची कशी? दोघं शिरूरच्या बाजारात हमालीला जायला लागले.

फुगवट्याच्या काठाला साती आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या देवतांचे, शेंदूर फासलेले दगड आहेत. तिथं आण घ्यायची पद्धत होती. ज्याच्यावर आळ आहे त्यानं गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहायचं, दगडांकडे हात करायचा आणि ‘मी केलं नाही’ असं बोलायचं. गेनूमामाला सांगितलं, आण घे, म्हणजे विषय मिटला. तो म्हणाला, “आन चोरानं घ्यायची असती. मी कशाला घिऊ?” आणि घेतली नाही. मग तर सगळ्यांची खात्रीच झाली.

सोसायटीचे चेअरमन तेव्हा माझ्याकडे आले. पाण्याखालचे मासे दिसणारी मशीन दौंडला आहे, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

“सायेब, तुमची मशीन आना आन् बगून सांगा,” ते म्हणाले. “पान्यात मासं आसलं तर गेनू सुटला. नसलं तर गेनूनं इकलं. भावकीतला मानूस हाय, आमालाबी बरं वाटत न्हाई.”

इथंच मी थांबवायला हवं होतं. पाण्यात मासे नसण्याची सतरा कारणं असतात. पिल्लं पिशवीतून आणताना उन्हानं तापतात आणि सोडल्या सोडल्या मरतात. पुराच्या पाण्याबरोबर निघून जातात. मरळ आणि शिवडा हे शिकारी मासे त्यांना खातात. मासे नाहीत म्हणजे गेनूमामानं विकले, हा हिशेब कुठल्याच शास्त्रात बसत नाही. हे मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळत होतं. पण खरं सांगायचं तर मला फार आनंद झाला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या यंत्राला आणि मला बोलवायला आलं होतं. मी म्हणालो, “सोमवारी येतो.”

यंत्राचं काम सोपं आहे. होडीच्या बुडाशी एक बोंडूक लावायचं, ते खाली आवाज सोडतं. आपल्याला ऐकू न येणारा. तो तळाला आपटून परत येतो, त्याला लागलेल्या वेळावरून खोली कळते. मधे मासा आला तर त्याच्यावरूनही परत येतो. माशाच्या पोटात हवेची एक पिशवी असते, तिच्यामुळे तो पाण्यात तरंगून राहतो. आवाज परत येतो तो मुख्यतः त्या हवेवरून, मांसावरून फारसा नाही. म्हणजे मला मासा दिसायचा नाहीच, माशाच्या पोटातली हवा दिसायची. हे वाक्य मी प्रशिक्षणवर्गात कितीतरी वेळा सांगितलं होतं. त्याचा अर्थ मला स्वतःला तेव्हा कळला नव्हता.

आमचं यंत्र जुन्या पद्धतीचं होतं. मोटारीच्या बॅटरीवर चालायचं. आत कागदाची गुंडाळी फिरायची आणि एक सुई त्या कागदावर काळं जाळत जायची. होडी चालू असताना मासा खालून गेला की कागदावर चंद्रकोर उमटायची. दिवसभर तो जळका वास नाकात बसायचा. फुगवट्यात बुडालेल्या विहिरी, झाडांची खोडं, जुने बांध यांची माहिती असलेला माणूस होडीवर हवा होता आणि असा माणूस एकच होता. त्यामुळे चारही दिवस सुकाणूवर गेनूमामाच बसला. चेअरमन पुढं, मी मधे यंत्रापाशी, मागं गेनूमामा. पाणी कुठं किती खोल, विहीर कुठं, खोड कुठं, हे मी त्याला सारखं विचारत होतो आणि तो बरोबर सांगत होता. दुपारी त्याच्या बायकोनं दिलेली भाकरी आणि ठेचा आम्ही तिघं एकाच फडक्यावर खायचो. चेअरमन त्याच्याकडे बघायचे नाहीत, पण ठेचा मागून घ्यायचे.

दुसऱ्या दिवशी निमोण्याच्या बाजूच्या उथळ पाण्यात शिरलो आणि कागदावर चंद्रकोरींची दाटी झाली. इतक्या कोरी मी खाडीतही पाहिल्या नव्हत्या.

“ह्ये समदं मासंच?” चेअरमन वाकून म्हणाले.

“मासेच,” मी म्हणालो. माझा आवाज जरा चढलाच असावा.

मधेच होडीच्या मोटारीचा पंखा शेवाळात अडकला. होडी थांबली. गेनूमामा गुडघा सांभाळत वाकला आणि शेवाळ काढत बसला. तेवढा वेळ यंत्र चालूच राहिलं. तो कागद मी नंतर कापून बाजूला ठेवला. होडी उभी असताना काढलेला कागद मोजणीला उपयोगाचा नसतो.

दौंडला येऊन मी भिंग घेऊन आठवडाभर कोरी मोजल्या. आकडा भक्कम आला. अहवालात लिहिलं, की फुगवट्यात माशांचा साठा चांगला आहे, जाळी चुकीच्या खोलीवर लावल्यामुळे ते सापडले नसावेत. सोसायटीच्या बैठकीत तो मी स्वतः वाचून दाखवला. लोकांना त्यातले निम्मे शब्द कळले नसतील, पण शेवट कळला. चेअरमन उठले आणि त्यांनी गेनूमामाच्या खांद्यावर हात ठेवला. त्याची पोरं दुसऱ्या दिवसापासून जाळ्यावर आली. गेनूमामा काही बोलला नाही. माझ्याकडे एकदा बघितलं आणि बाहेर गेला. उपकाराच्या ओझ्यानं बोलवत नसेल, असं मी समजलो आणि एस. टी.त बसून दौंडपर्यंत त्याच विचारात खूश होतो.

दोन महिन्यांनी पुण्यातल्या एका परिसंवादासाठी मी ते कागद पुठ्ठ्यावर चिकटवत होतो. बाजूला ठेवलेला तो निरुपयोगी तुकडा हाती आला. त्यावर चंद्रकोर एकही नव्हती. तळापासून वरपर्यंत जाणाऱ्या तिरप्या बारीक रेघा होत्या, शेकडो, सगळ्यांचा तिरकेपणा एकसारखा. होडी उभी असताना खालची वस्तूही जागेवर असेल तर आडवी रेघ उमटते. तिरपी रेघ म्हणजे ती वस्तू सारख्या वेगानं वर येते आहे. मासे रांग लावून तळातून वर येत नाहीत. वर येतात ते बुडबुडे. बुडबुडा म्हणजे हवा, आणि माझं यंत्र हवाच बघतं. होडी चालती असली की बुडबुड्याचीही अगदी माशासारखीच कोर उमटते.

दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता शिरूर गाठलं आणि तिथून निमोणे. काठावर बिरूआप्पा भेटले. त्यांचे वडील मेंढ्या घेऊन फिरायचे, आता यांची तिथं शेती आहे. मी त्यांना त्या उथळ पाण्याकडे बोट दाखवून विचारलं, तिथं खाली काय आहे?

“तितं? तितं आमचं कडवळ हाय की,” बिरूआप्पा म्हणाले.

“पाण्यात?”

“पानी मागं सरलं म्हंजी आमी गाळात पेरतू. गेल्या साली लई मागं गेलं, म्हनून त्या बाभळीपसनं त्या टेकाडापत्तूर चाऱ्याची जवारी केली. कमरंएवढी झाली आन् वरनं पानी सोडलं. एका दिसात समदं पोटात. इळा लावाया बी सवड घावली न्हाई.”

त्यांनी हातानं जो पट्टा दाखवला तो थेट माझ्या कोरींचा पट्टा. ज्वारी पाण्याखाली कुजत होती आणि तिच्यातून वायू निघत होता. मी बिरूआप्पांकडून बांबू घेतला, तिथंच कडेला गाळात खुपसला. भसाभसा बुडबुडे आले. मी एका शेतकऱ्याचं बुडालेलं कडवळ कटला म्हणून मोजलं होतं. किनाऱ्यावर शिकताना हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण समुद्राच्या तळाला कुणी ज्वारी पेरत नाही. पण मी काही किनाऱ्यावरचा नव्हतो. दौंडात वाढलो होतो, गाळात पेरतात हे लहानपणापासून बघत होतो. ते ज्ञान आणि हे ज्ञान माझ्या डोक्यात दोन वेगळ्या खोल्यांत राहत होतं.

तो पट्टा वगळून पुन्हा मोजलं. मासे जवळजवळ नव्हतेच.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “मासे असोत नाहीतर बुडबुडे. भांडण मिटलं ना? माणूस सुटला ना? मग कशाला उकरता?” अहवाल दुरुस्त करावा, तर चेअरमनच्या हिशेबानं गेनूमामा चोर. न करावा, तर माझ्या सहीचं खोटं फाइलमध्ये. आणि तिसरी गोष्ट, जी मी स्वतःशीही नीट बोलत नव्हतो: तो खरंच चोर असेल तर? मग मी माझ्या चुकीनं एका चोराला सोडवला होता. नसेल, तर एका निर्दोष माणसाची अब्रू बुडबुड्यांवर उभी होती. रोज सकाळी मी एक ठरवायचो आणि संध्याकाळी दुसरं. बायको म्हणाली, “तुम्ही जेवताना ताटाकडे बघत नाही आहात.” बघत होतो, पण काय खातोय ते कळत नव्हतं.

खोली बदलून लावलेल्या जाळ्यांतही त्या साली फारसं आलं नाही, पण कागदावर मासे होते म्हणून कुणी शंका घेतली नाही. पुढच्या हंगामात नव्यानं बोटुकली सोडली. ती जगली. त्यानंतर जाळी भरून आली आणि सगळं श्रेय माझ्या अहवालाला मिळालं. चेअरमननं ओल्या गोणपाटात गुंडाळलेला भला मोठा कटला एस. टी.च्या कंडक्टरबरोबर दौंडला धाडला. घरात सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ला. मी रस्सा-भात खाल्ला.

त्या कटल्यानंतर मात्र राहवेना. अहवालाला दोन वर्षं होत आली होती. एका दुपारी निमोण्याला गेलो. गेनूमामा होडीत बसून डब्यानं आतलं पाणी उपसत होता. मी होडीत चढलो, त्याच्या समोरच्या फळीवर बसलो आणि वळसे न घेता सांगितलं.

“मामा, माझा तो अहवाल चुकला होता. त्या वेळी पाण्यात मासे नव्हते. बिरूआप्पांच्या कडवळाचे बुडबुडे होते.”

“ठावं हाय,” तो म्हणाला आणि पाणी उपसत राहिला.

“कधी कळलं?”

“तवाच. तुमी कागूद काढत हुता, मी मागं बसलोतो न्हवं का? बुडबुडं समूर फुटत हुतं पान्यावर. तुमी कागदाकडं बगत हुता.”

मी तर त्याच पाण्यावर होतो. चार दिवस. एक हात बाहेर काढला असता तरी ते बुडबुडे माझ्या बोटांना लागले असते.

“मग बोलला का नाहीत?”

“बोलून काय हुनार हुतं? चेरमन म्हनला असता, बगा, मासं न्हाईत, गेनूनंच इकलं. पोरं हमाली करत हुती सायेब.”

“पण मग मामा, ते पहिले मासे गेले कुठे?”

त्यानं डबा खाली ठेवला. रागावला नव्हता. मला वाटतं, तो एवढंच बघत होता, की मी काय विचारलं ते मला कळलंय की नाही.

“मासं कुठं गेलं, ह्ये समद्यांनी इचारलं,” तो म्हणाला. “चेरमन म्हनला आन घे. तुमी इचारलं पानी किती, हीर कुठं, खोड कुठं. समदं सांगितलं. ‘गेनू, तू केलंस का रं?’ आसं एकानं बी इचारलं न्हाई. माज्या पोरांनी बी न्हाई. इचारलं असतं तर सांगितलं असतं.”

मला खूप लाज वाटली. आयुष्यभर मोजमाप केलेला माणूस मी, भाकरीच्या फडक्यापाशी चार दिवस त्याच्या समोर बसलो होतो. विचारायला यंत्र लागत नव्हतं.

“मग आता विचारतो, मामा,” मी म्हणालो.

“आता नगं.”

“का?”

“आता मी न्हाई म्हनलो, तर तुमाला बरं वाटावं म्हनून म्हनलो, आसं मलाच वाटंल.”

चेअरमनला सांगू का, असं विचारलं, तर “तुमची मर्जी” म्हणाला. मी सांगितलं नाही. अहवाल माझ्या निवृत्तीपर्यंत तसाच राहिला आणि आजही कुठल्यातरी कपाटात असेल. गेनूमामा त्यानंतर काही वर्षांनी गेला. मासे होते की नव्हते, याचं उत्तर मला मिळालं. जे विचारायचं होतं त्याचं मिळालं नाही. त्या दुपारची एवढीच गोष्ट अजून लख्ख आठवते, की त्यानं होडी काठाला लावली आणि उतरताना हात दिला. माझे बूट गाळात जाऊ नयेत म्हणून एक दगड दाखवून म्हणाला, “हितं पाय द्या सायेब, हितं घट हाय.” मी तिथं पाय दिला आणि काही न विचारता निमोण्याच्या रस्त्याला लागलो.